स्ट्रोकनंतरचा थकवा: रिहॅब वॉर्डात नव्याने आलेल्यांसाठी

फाईलमध्ये ‘पेशंट कोऑपरेट करत नाही’ असं लिहायला पेन उचलाल, तेव्हा थांबा. स्ट्रोकच्या वॉर्डात या वाक्यामागे बरेचदा थकवा असतो. तो कुणी विचारलेला नसतो, म्हणून कुठे लिहिलेलाही नसतो. पेशंट आळशी ठरतो, थेरपी कमी होते, आणि घरी गेल्यावर तोच शिक्का पुढे चालू राहतो.

मी ऑक्युपेशनल थेरपिस्ट आहे. इंटर्न, नवे फिजिओ, स्पीच थेरपिस्ट, सिस्टर, केअरटेकर, प्रत्येक नव्या बॅचला हे तोंडी सांगत आले आहे. आता लिहूनच देते.

सुरुवातीला एवढं डोक्यात ठेवा. स्ट्रोक झालेल्यांपैकी साधारण निम्म्यांना हा थकवा जाणवतो. मोजायच्या पद्धती वेगवेगळ्या असल्यामुळे अभ्यासागणिक आकडा कमीजास्त होतो. झटका केवढा मोठा होता, याच्याशी थकव्याचा सरळ हिशेब लागत नाही. ज्याचे हातपाय पूर्ण परत आले, जो स्वतःच्या पायांनी घरी गेला, तोही सकाळी अकरालाच गळून जातो. आपल्याला काम केल्यावर दमायला होतं आणि झोप झाली की बरं वाटतं. इथे विशेष काही न करताही त्राण जातं आणि झोपून उठल्यावरही ते परत येईलच असं नाही. कारण एकच नसतं. मेंदूची इजा, बिघडलेली झोप, खचलेलं मन, औषधं, अंथरुणात गेलेले दिवस, आणि लुळ्या बाजूला ओढत चालायला लागणारी जास्तीची शक्ती, हे सगळं एकात एक मिसळलेलं असतं.

हाताशी काय हवं

- डिस्चार्ज कार्ड किंवा केसपेपर, आणि सध्या चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांच्या प्रत्यक्ष पट्ट्या. नुसती यादी नको, पट्ट्या मागवा. यादीत नसलेली गोळी त्या पिशवीतच सापडते.
- अलीकडचे रक्ताचे रिपोर्ट: हिमोग्लोबिन, साखर, थायरॉइड, बी-१२, सोडियम, क्रिएटिनिन.
- बीपीचं मशीन, पल्स ऑक्सिमीटर, ग्लुकोमीटर, सेकंदकाटा असलेलं घड्याळ.
- थकवा मोजायच्या प्रश्नावलीच्या छापील प्रती.
- एक साधी दोनशे पानी वही. पेशंटची, तुमची नाही.

१. आधी विचारा, तेही त्यांच्या शब्दांत

‘थकवा येतो का?’ या प्रश्नाला काका ‘नाही’ म्हणतील. पुरुषमंडळी तर हमखास. तेच काका दोन मिनिटांनी सांगतात, ‘डोकं जड होतं हो, काही सुचत नाही.’ म्हणून प्रश्न फिरवून विचारा: अंगात त्राण कधी राहत नाही? दिवसातली कोणती वेळ चांगली जाते? अंघोळीनंतर आडवं व्हावंसं वाटतं का? लोक भेटायला आले की काय होतं? टीव्हीवरची बातमी शेवटपर्यंत ऐकवते का?

शेवटचे दोन प्रश्न गाळू नका. अंगाचा थकवा चारचौघांना दिसतो, डोक्याचा दिसत नाही. चार जण एकदम बोलायला लागले की डोकं बंद पडल्यासारखं होतं, ही तक्रार फार जणांची असते आणि आपण विचारल्याशिवाय ती बाहेर येत नाही.

वाचा गेलेल्या पेशंटला लांबलचक प्रश्न विचारू नका. कागदावर मोबाइलच्या बॅटरीचं चित्र काढा, पाच रेघा, आणि बोट ठेवायला सांगा. हो-नाहीचा भरवसा नसेल तर तोच प्रश्न उलटा करून पुन्हा विचारा. घरच्यांनाही विचारा, पण पेशंटच्या आधी नाही. एकदा सूनबाई बोलायला लागल्या की सासरेबुवा गप्प बसतात.

२. सेशनमध्ये डोळे उघडे ठेवा

थकवा तोंडाने सांगितला जाण्याआधी अंगावर दिसतो. चालण्याच्या तिसऱ्या फेरीत चवड्याची कड फरशीला घासायला लागते. आधी टाच टेकत होती, आता चपलेचा ‘सर्र’ आवाज येतो. खांदा कानाकडे चढतो, कोपर आखडतं. बोलणं जड होतं, शब्द सापडायला वेळ लागतो. सूचना पुन्हा सांगावी लागते. ‘हो हो’ अशी उत्तरं यायला लागतात आणि त्या ‘हो’ला काही अर्थ नसतो. जांभया, डोळे चोळणं, विनाकारण चिडणं किंवा डोळ्यांत पाणी येणं. ज्यांचं डाव्या बाजूला दुर्लक्ष होतं, त्यांची व्हीलचेअर दमल्यावर दाराच्या डाव्या चौकटीला जास्त आपटते.

जेवणाच्या वेळी मुद्दाम जवळ बसा. पहिले चार घास नीट जातात. पाचव्या-सहाव्याला चावणं मंदावतं, कमजोर बाजूच्या गालात भात साठायला लागतो, ओठाच्या कोपऱ्यातून वरण ओघळतं. मग वर पाणी दिलं की ठसका. दुपारी स्पीच थेरपिस्टसमोर उत्तम गिळणारा माणूस रात्री आठला धोक्यात असतो, तो असा. घास श्वासनलिकेत गेला तर न्यूमोनियाची भीती. गिळण्याची तपासणी दिवसाच्या चांगल्या वेळी झाली असेल, तर रात्रीचं जेवण कोणीतरी बघायलाच हवं. ते सिस्टर आणि मावशींच्या ड्युटीत येतं, म्हणून ही गोष्ट त्यांनाही सांगा. फक्त राउंडमध्ये डॉक्टरांच्या कानावर घालून भागत नाही.

दिसलं ते वेळेसकट लिहा. ‘१०.२० ला सुरू, १०.३२ ला पाय घासायला लागला, ५ मिनिटं बसवलं, पुन्हा ६ मिनिटं चालले.’ ‘पेशंट लवकर थकतो’ या वाक्याचा पुढच्या शिफ्टला काही उपयोग नाही.

३. हा थकवाच आहे ना?

इथे गल्लत फार होते. चार गोष्टी वेगळ्या करून बघा.

कमजोरी: ती पहिल्या वेळेपासून असते. थकवा चढत जातो. पहिल्यांदा हात नव्वद अंशांपर्यंत उचलला आणि आठव्या वेळी साठवर अडला, तर लिहिण्यासारखं काहीतरी सापडलं.

झोप: बसल्याबसल्या डोळा लागत असेल तर तो वेगळा प्रश्न आहे. स्ट्रोकनंतर झोपेत श्वास अडकण्याचा त्रास, म्हणजे स्लीप ॲप्निया, बराच आढळतो. बायकोला किंवा शेजारच्या कॉटवरच्या नातेवाइकाला विचारा: घोरतात का, घोरताघोरता श्वास थांबतो का, दचकून उठतात का? दिवसा किती डुलकी लागते ते मोजणाऱ्या एपवर्थ स्केलमध्ये ८ प्रसंग आहेत, एकूण गुण २४. १० च्या वर गेले तर डॉक्टरांना सांगा.

उदासी: ढोबळ नियम असा की थकलेल्याला करायचं असतं पण जमत नाही, उदास माणसाला करावंसंच वाटत नाही. पण दोन्ही एकत्रही असतात. इथला सापळा म्हणजे पीएचक्यू-९, ही उदासी मोजायची प्रश्नावली. त्या प्रश्नावलीत थकव्याचा, झोपेचा आणि भुकेचा प्रश्न आहे, म्हणजे नुसत्या थकव्यानेही गुण वाढतात. एकूण बेरीज बघून निकाल लावू नका. उदास वाटणं आणि कशातच रस न वाटणं, या दोन प्रश्नांना काय उत्तर आलं ते बघा. जिवाला बरंवाईट करून घेण्याच्या विचारांबद्दलच्या प्रश्नाला शून्याच्या वर काहीही असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांना कळवा.

निरिच्छपणा: मेंदूच्या काही भागांना इजा झाली की माणूस स्वतःहून काही सुरूच करत नाही. अशा पेशंटची स्वतःची तक्रार नसते, तक्रार घरच्यांची असते. थकलेला माणूस मात्र स्वतः वैतागलेला असतो.

आता धोक्याची खूण. अचानक वाढलेला थकवा हा थकवा म्हणून कधीच सोडू नका. तोंड वाकडं होणं, हातपाय नव्याने जड पडणं, बोलणं बदलणं, तोल जाणं यांपैकी काही असेल तर वॉर्डात ताबडतोब डॉक्टरांना बोलवा आणि घरी असेल तर १०८. रक्ताची गुठळी विरघळवण्याचं इंजेक्शन साधारण साडेचार तासांच्या आतच देता येतं, त्यामुळे ‘थोडं झोपू दे, बघू’ हे महागात पडतं. छातीत दुखणं, धाप, ताप, एका पोटरीला सूज, हेही लगेच कळवायचं. इन्सुलिनवर असलेला पेशंट घामाघूम होऊन गळाला तर आधी साखर तपासा. उभं केल्यावर गळत असेल तर झोपवून आणि उभं करून असं दोनदा बीपी घ्या.

४. दुरुस्त होण्यासारखी कारणं शोधा

मेंदूची इजा आपण बदलू शकत नाही, पण थकव्यात भर घालणाऱ्या बऱ्याच गोष्टी बदलता येतात. सगळ्यात जास्त फळ मिळतं ते याच पायरीत, आणि घाईत हीच गाळली जाते.

गोळ्यांची पिशवी टेबलावर रिकामी करा. बीपीसाठी मेटोप्रोलोल किंवा अटेनोलोल, फिटसाठी लेव्हेटिरासिटाम, फेनिटॉइन किंवा क्लोबाझाम, आखडलेल्या स्नायूंसाठी बॅक्लोफेन किंवा टिझानिडिन, झोपेसाठी किंवा हातापायांतल्या मुंग्यांसाठी अमिट्रिप्टिलिन. यांतल्या कुठल्याही गोळीने सुस्ती येऊ शकते, आणि दोन-तीन एकत्र असल्या की विचारूच नका. गोळी कधी घेतली आणि थेरपी कधी झाली, या दोन वेळा शेजारी शेजारी लिहा. स्नायू सैल करायची गोळी साडेनऊला आणि फिजिओ दहाला असेल, तर डॉक्टरांशी बोलून वेळ हलवण्यासारखी असते. पण गोळी बंद करायला किंवा कमी करायला आपण सांगायचं नाही. फिटची किंवा बीपीची गोळी अचानक बंद झाली तर जिवावर बेततं. आपलं काम नोंद करून डॉक्टरांपुढे ठेवायचं.

मग रिपोर्ट. हिमोग्लोबिन कमी, थायरॉइड कमी, बी-१२ कमी, लघवीच्या गोळीने सोडियम उतरलेलं, साखर वर-खाली. शुद्ध शाकाहारी घरात बी-१२ तपासलं आहे का, हे जरूर विचारा. वर्षानुवर्षं मेटफॉर्मिन ही मधुमेहाची गोळी चालू असेल तर आणखीच. लघवीचा संसर्ग म्हाताऱ्या माणसात ताप न येताही नुसत्या गळाठ्याने दिसू शकतो.

दुखणं: लुळ्या बाजूचा खांदा रात्री दुखतो आणि झोप मोडते. सकाळी तो माणूस थेरपीला येतो तोच दमलेला. उपाय खांद्याखालच्या उशीत असतो, उगाच व्यायाम कमी करण्यात नाही.

खाणंपिणं: ठसक्याच्या भीतीने पाणीच कमी पिणं, ‘पॅरालिसिसला हे चालत नाही, ते चालत नाही’ म्हणून ताट अर्धं करणं, आणि उपवास. मधुमेह असलेल्या आजी एकादशीला सकाळपासून पाण्यावर आणि दुपारी साबुदाणा खिचडीवर असतील, तर त्या दिवशीच्या थकव्याचं कोडं उरत नाही. श्रद्धेची चेष्टा न करता डॉक्टरांकडून सांगवा, ऐकतात.

‘ताकदीची बाटली’ हा आपल्याकडचा खास विषय. घरचे गावातल्या दवाखान्यात नेऊन सलाईन लावून आणतात, दोन दिवस तरतरी वाटते. कारण नसताना दिलेल्या सलाईनने हृदय कमजोर असलेल्याला धाप लागू शकते आणि मूळ कारण तसंच राहतं. या थकव्यावर खात्रीने चालते अशी गोळी आज तरी नाही. मोडाफिनिल या जागं ठेवणाऱ्या औषधाच्या चाचण्या झाल्या, पण निकाल एकमेकांशी जुळत नाहीत.

५. मोजा

फटिग सिव्हिरिटी स्केल १९८९ पासून वापरात आहे. ९ विधानं, प्रत्येकाला १ ते ७ गुण, मागच्या आठवड्याचा विचार करून. सरासरी ४ किंवा वर आली तर थकवा दखल घेण्याइतका आहे असं धरतात. फटिग असेसमेंट स्केलमध्ये १० प्रश्न आहेत. दोन्हींपैकी एक धरा आणि शेवटपर्यंत तेच वापरा. वॉर्डातल्या माणसाला ‘थकव्यामुळे माझ्या कामात अडथळा येतो’ या विधानाला काय म्हणावं कळत नाही, कारण तो कामावर गेलेलाच नाही. तसं शेजारी लिहून ठेवा. आणि प्रश्नांचं भाषांतर दर वेळी मनाने करू नका. एकदा सिनियरबरोबर बसून मराठी शब्द ठरवा, सगळ्यांनी तेच वाचा.

६. आठवडाभराची वही

वहीत तीनच रकाने: वेळ, काय केलं, त्यानंतर शक्ती ० ते १० पैकी किती. लिहिणारा पेशंट असेल तर उत्तम, नसेल तर नातेवाईक. दर तासाला लिहायचा हट्ट धरू नका, वही तिसऱ्या दिवशी बंद पडते. सकाळ, दुपार, संध्याकाळ आणि मोठ्या कामानंतर, इतकं पुरे.

आठवड्यानंतर पानं उलटली की दोन गोष्टी दिसतात. एक, शक्ती खाणारी कामं आपल्याला वाटतात ती नसतात. बहुतेकांच्या वहीत अंघोळ वरच्या क्रमांकावर असते. दोन, ज्या दिवशी बरं वाटलं त्या दिवशी सगळं उरकून घेतलं आणि पुढचे दोन दिवस झोपून काढले, असा खेळ चालू असतो. हा खेळ मोडायचा, हे पुढच्या पायरीचं काम.

७. वेळापत्रक नव्याने मांडा

वॉर्डाचं नेहमीचं वेळापत्रक बघा: नऊला अंघोळ, दहाला फिजिओ, पावणेअकराला ओटी म्हणजे आमची ऑक्युपेशनल थेरपी, साडेअकराला स्पीच, मध्येच इकोसाठी बोलावणं, चारपासून नातेवाईक. स्पीच थेरपिस्टच्या वाट्याला रोज पिळून निघालेला माणूस येतो आणि तिच्या फाईलमध्ये ‘प्रगती नाही’ लिहिलं जातं.

अंघोळ हीच त्या दिवसाची पहिली थेरपी आहे असं धरा. स्टुलावर बसून, मगाने पाणी घेत, एका हाताने पाठ पुसत केलेली अंघोळ. ओटीचं सेशन तिथेच घ्या आणि फिजिओ पुढे ढकला, किंवा अंघोळ संध्याकाळी ठेवा. पाऊण तासाचं सेशन वीस-वीस मिनिटांत तोडा. ज्याला डोकं लागतं ते काम चांगल्या वेळेत टाका. विश्रांती दमल्यावर द्यायची नाही, दमायच्या आधी द्यायची, आणि ती वेळापत्रकात लिहायची. विश्रांती म्हणजे पंधरा-वीस मिनिटं डोळे मिटून, टीव्ही बंद, मोबाइल दुसऱ्याच्या हातात. रील बघत पडणं ही विश्रांती नाही. दुपारची झोप अर्ध्या तासाची आणि तीनच्या आत, नाहीतर रात्र जागून जाते.

हे एकट्याने होत नाही. आठवड्याच्या टीम मीटिंगमध्ये कुणाला किती वेळ द्यायचा ते एकत्र ठरवा. ‘माझं सेशन मी सोडणार नाही’ हा हट्ट मी सगळ्याच विभागांत पाहिला आहे, आमच्यातही.

८. पण व्यायाम थांबवू नका

थकवा ओळखायला शिकलेला नवा थेरपिस्ट दुसऱ्या टोकाला जातो: बिचारे दमलेत, आज राहू दे. तसं रोज झालं की स्नायू आणि दम दोन्ही उतरतात आणि थकवा वाढतो. इंग्लंडमधल्या नाइस या संस्थेच्या २०२३ च्या स्ट्रोक रिहॅबच्या सूचना बघा. गरज असलेल्याला आठवड्यात किमान ५ दिवस, दिवसाला किमान ३ तास थेरपी, असं त्यात आहे. ज्याला तेवढं झेपत नाही त्यालाही लागणारी थेरपी ५ दिवस द्यायचीच, हेही आहे. आणि थकवा मोजा, असंही त्याच कागदात लिहिलं आहे.

नेदरलँड्समधल्या २०१२ च्या एका चाचणीत १२ आठवड्यांचे दोन कार्यक्रम तोलले गेले. एका गटाला फक्त विचार आणि सवयींवर काम करणारी थेरपी, दुसऱ्याला तीच थेरपी आणि जोडीला टप्प्याटप्प्याने वाढवलेला व्यायाम. दुसऱ्या गटाचा थकवा जास्त उतरला.

प्रत्यक्षात: वाईट दिवशीही जमेल इतकं सुरुवातीचं माप ठरवा. दहा मिनिटं चालणं असेल तर चांगल्या दिवशीही दहाच. हे पाळायला लावणं फार अवघड, कारण बरं वाटलं की काका जिना चढायला निघतात. आठवडाभर स्थिर राहिलं की एक-दोन मिनिटं वाढवा. ‘किती जड गेलं’ हे बोर्ग स्केलवर, म्हणजे श्रमाला आकडा देणाऱ्या पट्टीवर, विचारा, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी कसं वाटलं तेही. दुसऱ्या दिवशी कोलमडले असतील तर एक पायरी खाली या.

९. घरच्यांशी बोलणं

‘काल तर चालले, आज नखरे करतायत’ हे वाक्य ऐकू येईलच. वाद घालू नका. असं सांगा: ‘मावशी, काल चालले म्हणूनच आज दमलेत. मेंदूला इजा झाल्यावर हा थकवा येतो, तो त्यांच्या हातात नाही. आपण रोज थोडं थोडं करू.’ शक्यतो पेशंटसमोर सांगा. आपल्यावर विश्वास ठेवला जातोय हे त्यांना ऐकू येऊ दे.

भेटायला येणाऱ्यांचं नियोजन घरच्यांकडूनच करून घ्या. एका वेळी दोघं, पंधरा मिनिटं, आणि पुण्या-मुंबईच्या नातेवाइकांचे व्हिडिओ कॉल जेवणाच्या वेळी नाहीत.

बाईमाणूस पेशंट असेल तर वेगळं बोलावं लागतं. काकू घरी गेल्या की चौथ्या दिवशी ओट्यापाशी उभ्या असतात, कारण कुणी स्पष्ट ‘नको’ म्हटलेलं नसतं. स्वयंपाक बंद करा म्हणू नका. कणीक दुसऱ्याने मळायची, भाजी टेबलाशी बसून निवडायची, ओट्याशी उंच स्टूल, रोजच्या वस्तू कमरेच्या उंचीवर. पोळ्या करायच्याच असतील तर भाजी त्या वेळेला नाही. घरात सून किंवा मुलगा यांच्यापैकी कोण काय उचलणार, हे नावानिशी ठरवूनच उठा.

१०. डिस्चार्जच्या कागदावर

थकव्याची ओळ डिस्चार्ज कार्डात नसेल तर पुढच्या डॉक्टरला ती कळत नाही. निदान एवढं लिहा: थकव्याचे गुण आणि तारीख, दिवसातली चांगली वेळ, सध्या झेपणारं माप, बघायचे राहिलेले रिपोर्ट, रात्रीच्या जेवणाला सोबत हवी की नको.

कामावर परतायचं असेल तर पहिल्या दिवसापासून पूर्ण वेळ नको. अर्धा दिवस, एकाआड एक दिवस, गर्दीची लोकल टाळून. गाडी चालवायला डॉक्टरांची परवानगी लागते, आणि ती मागताना थकव्याबद्दल लपवू नका, असं बजावा.

फॉलोअपची वेळ देताना पेशंट कुठून येणार ते विचारा. पहाटेची एसटी, स्टँडवरून रिक्षा, केसपेपरची रांग आणि मग बाराला तुमच्यासमोर, अशा माणसाची त्या दिवशी केलेली तपासणी त्याच्या घरच्या रोजच्या दिवसाबद्दल काही सांगत नाही. वही आणायला सांगा, आधी ती वाचा, पेशंटला बसवून पाणी द्या आणि मग चालायला लावा. सहा महिन्यांनी तीच प्रश्नावली पुन्हा भरून घ्या, थकवा विषय म्हणून निघाला नसला तरी.